मागे सरकायला जागा

अण्णा, कॅमेरा घ्यायचा की नाही हे ठरवायला मला तुमची परवानगी लागत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोवरचा हारही आता प्लॅस्टिकचा आहे, आणि त्यावरची धूळ तुमचा धाकटा पुसतो की नाही मला माहीत नाही, कारण फोटो त्याच्या घरी आहे. तरी गेले कित्येक दिवस मी मेन रोडवरच्या दुकानात जाते, ती नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हातात घेते, आणि नेमकं तेव्हा तुमचं वाक्य ऐकू येतं. कॅमेरा फोटो काढत नाही, माणूस काढतो. मी बॉडी काचेवर ठेवते. दुकानातल्या शेठला वाटतं, बाई भाव पाडतेय. त्याला कसं सांगू, की मी एका गेलेल्या माणसाशी भांडतेय आणि अजून तोच जिंकतोय.

तुम्ही गेलात तेव्हा रोल होते, म्हणून आधी समजावून सांगते. जिवंतपणी तुम्हाला काही समजावून सांगायची सोय नव्हती, आता आहे. तर आता रोल नसतो. रोलच्या जागी एक चकचकीत तुकडा असतो आणि चित्र त्याच्यावर उमटतं. माझ्यासारखीला परवडतात त्या कॅमेऱ्यांत हा तुकडा आपल्या रोलच्या चौकटीपेक्षा लहान असतो. लेन्स बिचारी पूर्वीएवढंच दाखवते, पण चारही बाजूंच्या कडा तुकड्याबाहेर सांडतात आणि वाया जातात. दुकानातली ती बॉडी फुल फ्रेम आहे, म्हणजे तिच्यात हा तुकडा जुन्या रोलच्या चौकटीएवढाच आहे. थोडक्यात काय, एवढी प्रगती करून सगळे तुमच्या जागी परत आलेत आणि तिथे बसायचे जास्त पैसे घेताहेत. ती बॉडी वजनाला जड आहे, तिच्या फायली उघडताना माझ्या कॉम्प्युटरला धाप लागणार आहे, आणि ज्या लग्नात मी ती मिरवणार त्या लग्नात नवरदेवाच्या अमेरिकेतल्या मावसभावाच्या गळ्यात तिच्याहून भारी कॅमेरा असणार आहे. तो दिवसभर माझ्यापुढे उभा राहणार आणि संध्याकाळी मला विचारणार, मॅडम, हा ऑटोवर कसा ठेवायचा. हे सगळं मी धरून चालले आहे. अडलं आहे ते तुमच्या वाक्यापाशी.

ते वाक्य तुम्ही मला पहिल्यांदा कधी ऐकवलंत, आठवतं? दसरा होता. पाटावर दोन कॅमेरे, फ्लॅश, बॅटऱ्या, बाजूला झेंडू आणि आपट्याची पानं. आई कुंकवाचं बोट घेऊन बसलीय आणि लेन्सला लागेल म्हणून तुम्ही तिच्यावर खेकसताय. एक कॅमेरा नवा आहे, त्याच्या पट्ट्याचा वास अजून खोक्यातला आहे. दुसरा तुमचा जुना, त्याचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसतंय आणि प्रकाश मोजायचा काटा मनाला येईल तेव्हा हलतो. बी.कॉम. होऊन मी तुमच्याकडे रोज बसत होते, डार्करूममधल्या रसायनांत हात पिवळे करून घेत होते, तुमचं निम्मं प्रिंटिंग माझ्या हातचं होतं. धाकटा तेव्हा बारावीशी दुसऱ्यांदा झुंजत होता. तुम्ही नवा कॅमेरा उचललात आणि त्याच्या गळ्यात घातलात. जुना मला दिलात आणि वर ते वाक्य दिलंत.

“मग त्याला तरी नवा कशाला?” हे आई बोलली. मान वर न करता, फुलं वाहता वाहता.

“त्याला धंदा बघायचाय,” तुम्ही म्हणालात.

“आणि ही काय बघतेय?”

“ही मदत करतेय.”

आईने उरलेलं कुंकू माझ्या कॅमेऱ्याला जरा जास्तच लावलं. त्या घरात तिच्या हातात तेवढंच होतं.

तुमचं ते वाक्य खोटं नव्हतं, माझी तक्रार ती नाही. तक्रार ही, की ते नेहमी चांगला कॅमेरा गळ्यात असलेला माणूस दुसऱ्याला ऐकवतो. आता तर मी कार्यशाळांना जाते, तिथे मुंबईचे मोठे लोक येतात, खुर्चीत रेलून सांगतात की यंत्र काही नसतं, नजर असते, आणि हे सांगताना त्यांच्या मांडीवर जे यंत्र असतं त्याच्या किमतीत माझं स्वयंपाकघर नवं होईल. सगळे माना डोलावतात. मीही डोलावते, पोटासाठी डोलवावी लागते.

मांडव धाकट्याकडे गेला आणि मला आतल्या खोल्या मिळाल्या. त्याचं कारण तुम्ही गिऱ्हाइकाला फार सुंदर सांगायचात. “आमची मुलगी आत जाते, बायकांना मोकळं वाटतं.” बांगड्या भरणं, ओटी, नवरीचं आवरणं, बारशी, डोहाळजेवणं. नाशिक रोडच्या क्वार्टर्समधल्या त्या खोल्या तुम्ही कधी आतून पाहिल्या नाहीत, कारण पुरुषाने दारात थांबायचं असतं. लोखंडी कपाट, त्यावर बॅगा, पलंगावर पोरं, खाली सतरंजीवर पंधरावीस बायका, आणि एका कोपऱ्यात मी. कुठे पाठीत कपाटाची मूठ, कुठे शिलाई मशीनचं चाक. मला दिलेली लेन्स साधी पन्नासची, जी समोरचं माणूस छान दाखवते आणि शेजारचं गिळते. खोली मोठी असेल तर चार पावलं मागे जायचं, प्रश्न मिटला. माझ्या मागे भिंत असायची.

आणि मग ते आत्याबाईंचं प्रकरण. गिऱ्हाईक अल्बम घेऊन दुकानात आलं, मी काउंटरच्या आत लिफाफे लावतेय, तुम्ही चष्मा पुसताय. त्यांनी अल्बम उघडून तुमच्यापुढे सरकवला. “डोहाळजेवणाचे छान आलेत, पण आमच्या आत्याबाई निम्म्याच आल्यात. हा बघा, हात आलाय. बांगड्यांवरून ओळखलं आम्ही.” तुम्ही फोटो पाहिलात, मग माझ्याकडे वळलात आणि त्यांच्यादेखत म्हणालात, “अगं, मागं सरकायला काय होतं तुला? चार पावलं मागं सर, सगळं घर येतं.”

“मागे कपाट होतं, अण्णा.”

“आता कपाटाचा दोष,” तुम्ही त्यांना म्हणालात, आणि ते हसले, आणि तुम्हीही हसलात. दोन पुरुष, ज्यांच्या पाठीला आयुष्यात कधी कपाटाची मूठ टोचली नव्हती.

ते गेल्यावर मी तुमच्याकडे वाईड लेन्स मागितली. अठ्ठावीसची. ती तुमच्या टेबलाच्या कप्प्यात होती, लेन्स पुसायच्या शामी कापडात गुंडाळलेली. ती लावली असती तर भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या माणसालाही समोरची सगळी खोली मिळते, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. मला ते शिकवलं तुम्हीच.

“ती धाकट्याला लागते. मांडव केवढा असतो.”

“मांडवात मागे जायला जागा असते. माझ्याकडे नसते.”

तुम्ही कप्पा लावलात. “बायकांचेच फोटो तर आहेत,” असं म्हणालात. रागावून नाही म्हणालात. चहा आणायला सांगताना जो आवाज असतो तोच आवाज होता. रागावला असतात तर मी कधीच विसरले असते.

तुम्ही गेल्यावर धाकट्याने धंदा पाहिला, म्हणजे दोनतीन हंगाम पाहिला आणि मग प्लॉट विकायला लागला. आता इगतपुरीच्या बाजूला मुंबईकरांना डोंगर विकतो. पावसाळ्याचे चार महिने जिथे धुक्यात हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत, तिथल्या निसर्गाचे जाहिरातीचे फोटो त्याने स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेत असं कळलं. मला ती लेन्स हवी आहे म्हटल्यावर त्याने शोकेसमधून काढून दिली. “ने की. बुरशी आलीय तिला, माझ्या काय कामाची.” आपल्या धाकट्याचं एक आहे, वस्तू जपायची नाही पण द्यायचीही मोकळ्या मनाने. मी ती मुंबईला पाठवून साफ करून घेतली, तुमच्या त्या पितळ दिसणाऱ्या कॅमेऱ्याला लावली, आणि पहिल्यांदा एका खोलीतल्या सगळ्या बायका एका फोटोत आणल्या. ते सुख पुरतं उपभोगलंही नाही, तोवर डिजिटल आलं. गिऱ्हाइकाला सीडी हवी झाली. मी लहान तुकड्याचा कॅमेरा घेतला, हौसेने अठ्ठावीसची लेन्स लावली, डोळा लावला, तर तुमची पन्नासचीच लेन्स पुन्हा हातात दिल्यासारखी. कडा गेलेल्या. पुन्हा कुणाची तरी आत्या निम्मी. लहान तुकड्यासाठी वेगळ्या वाईड लेन्स मिळतात, एक स्वस्तातली मी वापरून पाहिली. तिच्यात सगळे येतात खरे, पण कडेला बसलेल्या बाईचं तोंड असं ताणलं जातं की ती पुढच्या वेळी कामाला बोलवत नाही.

परवा शेठ कंटाळला. म्हणाला, “ताई, असं करा, घेऊन जा. एक फंक्शन करून बघा, संध्याकाळी आणून द्या. नाही पटली तर राहिलं. मिस्टरांनाही दाखवा.” मिस्टरांना कॅमेऱ्यातलं काय कळतं ते मी त्याला सांगितलं नाही. धंद्यात त्याचा एक गोड गैरसमज असू द्यावा.

जेल रोडला एका फ्लॅटमध्ये डोहाळजेवण होतं. पोरगी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेली, हातात थर्माकोलचं धनुष्य, पायाला सूज. हॉल म्हणजे आपल्या डार्करूमचा थोरला भाऊ. बायका दाटीवाटीने, आणि मी नेहमीप्रमाणे सरकत सरकत शेवटच्या वस्तूपर्यंत, जी या वेळी फ्रीज निघाली. पोरीची सासू निफाडकडची. ती पंगतीचं बघता बघता ओरडली, “ओ फोटूवाल्या ताई, फ्रीजला टेकू नका, दार नीट लागत नाय त्याचं. आत श्रीखंड हाय.”

“मग कुठे उभी राहू, आजी?”

“ऱ्हावा तिथंच. पण श्वास आत घिऊन ऱ्हावा.”

श्वास आत घेतला आणि तुमची अठ्ठावीसची लावलेल्या त्या नव्या बॉडीला डोळा लावला. सगळ्या होत्या. झोपाळा होता, पोरगी होती, डावीकडे पदर सावरणाऱ्या तिघी, उजवीकडे दारात उभी राहून मीही येते का बघणारी शेजारीण, आणि अगदी कडेला, जिथे मला नेहमी एक कोपर आणि चार बांगड्या मिळतात, तिथे एक म्हातारी पुरती, तिच्या चष्म्यासकट. चेहरा कुणाचाही ताणलेला नाही. तुमच्या जुन्या लेन्सचे कोपरे जरा मऊ, धूसर पडतात, पण तिच्या वयाला ते शोभतात. मी मागच्या पडद्यावर फोटो दाखवला तेव्हा बायका माझ्यावर अशा तुटून पडल्या की फ्रीजचं दार शेवटी उघडलंच. प्रत्येकीने फक्त स्वतःला शोधलं. आजी म्हणाली, “समद्या आल्या की. थोरलीच्या वक्ताला एक पोरगा आलता फोटू काढाया, त्यानं निम्म्या बाया तोडल्या व्हत्या.”

आनंद व्हायला हवा होता, अण्णा, झाला नाही. जे झालं त्याला संताप म्हणतात. इतकं सोपं होतं. माझी नजर कमी पडत नव्हती, पावलं कमी पडत नव्हती, मी आळशी नव्हते. एक वस्तू हवी होती आणि ती वस्तू माझ्यापासून हातभर अंतरावर, लाकडी कप्प्यात, कापडात गुंडाळलेली होती. तुम्ही अडाणी असतात तर मी तुम्हाला माफ केलं असतं. तुम्ही नाशिक रोडचे सगळ्यात जाणते फोटोग्राफर होतात. आत्याबाई निम्म्या का आल्या हे तो अल्बम उघडल्या क्षणी तुम्हाला कळलं होतं, आणि तरी तुम्ही गिऱ्हाइकाबरोबर हसलात.

संध्याकाळी मी बॉडी परत द्यायला गेले नाही. शेठचा फोन आला, त्याला सांगितलं, घरी बोलते आणि कळवते. घरी बोलले. ह्यांना खोल्यांचं कारण समजावलं, मागे जागा नसते, कडा जातात, कामं हातची जातात. त्यांनी मान हलवली. शेठलाही तेच सांगितलं. आणि आत्तापर्यंत तुम्हालाही तेच सांगत होते.

खरं असं आहे, की खोल्या आता राहिल्याच नाहीत. डोहाळजेवणंसुद्धा लॉन्सवर होतात. गंगापूर रोडला एकाला लागून एक लॉन्स आहेत, हिरवळ, कारंजी, आणि मागे सरकायला इतकी जागा की सरकत सरकत माणूस शेजारच्या लग्नात जेवून येईल. जेल रोडसारखं काम मला आता क्वचित मिळतं. माझ्याकडे आहे त्या कॅमेऱ्यावर माझं आरामात भागतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही हे वाचलं असतंत तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला असतात, बघ, गरज नव्हतीच. म्हणून तुमचा पत्ता असता तरी मी हे पत्र टाकलं नसतं.

गरज नव्हतीच. बॉडी मी आज सकाळी पैसे भरून घेतली. धाकट्याने काही मागितलं तेव्हा तुम्ही त्याला कशाला हवंय असं विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही.