आठ तीन आणि एक

सोमवार, २ मार्च

डॉक्टर आज स्पष्टच बोलले. पक्षाघाताने बाबांचा उजवा हात गेला, वाचा गेली. "कितपत कळतंय, सांगता येत नाही." डाव्या हाताची मूठ आवळतात, पण नर्स म्हणते, ते आपोआप होतं, आशा धरू नका.

दादा फोनवर — "कळत असेल तर घरी नेऊ. नसेल तर वृद्धाश्रम. चौदाला त्यांची गाडी येईल." बारा दिवस! बाबा आत आहेत की नाहीत, एवढंच मला कळायला हवं.

बुधवार, ४ मार्च

शिवणाच्या दुकानात कापड बेतताना बाबांचा वर्गातला लाडका धडा आठवला. दरवर्षी नव्या वर्गाला हाच! ३१ मूळ संख्या, एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. ३३१ही तशीच. ३३३१ही. पुढे एकेक तीन जोडत जा — सलग सात मूळ. मुलं ओरडायची, "पुढचीही मूळच, सर!" मग बाबा खडू खाली ठेवायचे. आठवी, ३३३३३३३३१, फुटते. "सात वेळा झालं म्हणून आठव्यांदा होईलच, असं कोणी सांगितलं?"

कशाने फुटते? आठवेना. मी त्यांचीच मुलगी, आणि त्यांच्याच विषयात नापास!

गुरुवार, ५ मार्च

फोनवर एका टिचकीत कळेल. नको. मग रोज त्यांना सांगायला काय नेऊ? बेतायच्या खडूने टेबलावरच भागाकार मांडले. ७, ११, १३ — नाही. १७ — बाकी ११. १९ नाही. संध्याकाळी उशाशी बसून सगळं ऐकवलं. छताकडे बघत होते.

रविवार, ८ मार्च

५३ नाही.

मंगळवार, १० मार्च

९७पर्यंत आले. मालकीणबाई — "अगं, हे गिऱ्हाइकाचं माप की तुझा भागाकार?" एक बाही तोकडी बेतली. उसवून बसले. असेच दोन हजारांवर भागाकार करावे लागतील. दिवस चार.

शुक्रवार, १३ मार्च

"१०१ नाही, १०३ नाही," सांगत होते. बाबांनी माझं बोट दाबलं. पुन्हा. पुन्हा. मी मोजत गेले. सतरा झाले आणि बाबा थांबले. थोड्या वेळाने परत — सतरा!

धावत बाहेर येऊन दादाला फोन. "मग सतराने भाग जातो?" त्याने विचारलं.

नाही जात. बाकी अकरा.

तो म्हणाला, "सोड आता गं." खूप रडले. बाबांची पिशवी भरली. चष्मा ठेवू की नको, कळेना. ठेवला.

शनिवार, १४ मार्च

सकाळी दुकानात टेबल पुसायला घेतलं. सतराच्या भागाकारावर फडकं थांबलं. सतरा सत्ते मी ११७ धरले होते. ११९! पुन्हा मांडला. बाकी शून्य.

गाडी रुग्णालयाच्या फाटकावरूनच परत पाठवली. बाबांना चष्मा लावला, टेबलावरून उतरवलेला भागाकार पुढे धरला. त्यांनी तो शेवटपर्यंत तपासला. मग माझ्याकडे बघितलं — प्रगतिपुस्तकावर सही करताना बघायचे, अगदी तसं.