भरून आलेला डबा

भाईंदर पूर्व
३ जुलै २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ऐकतेस कमी आणि भांडतेस जास्त, म्हणून नीलिमामावशीबरोबर पत्र पाठवतेय. बाबा बोटीवरून पडले, सापडले नाहीत, त्याला वर्ष झालं. तरी रोज संध्याकाळी त्यांचा डबा भाकरी भरून दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवतेस म्हणे. आई, मला आता तुझी भीती वाटते. निकेतने तुझ्यासाठी खोली रिकामी केली आहे. रविवारी न्यायला येतो.

तुझी बोलणी ऐकून मोठी झालेली,
नेत्रा

पाली
५ जुलै

चि. सौ. नेत्रास,
अ. उ. आ.

जावईबापूंचे उपकार, पण मी येणार नाही. अगं, सकाळी त्या डब्यात ओले बोंबील असतात. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली, बोटी वर ओढल्या, तरी असतात. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तुझ्या बाबांची जन्माची खोड. मी आले तर त्यांनी कुणाच्या दारात यायचं?

रविवारी या, जेवून जा.
आई

भाईंदर पूर्व
८ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल आम्हाला बघून तू देवळात जाऊन बसलीस. मग मी शेजारी काशीनाथकाकांना गाठलं. काकू गेल्यापासून किती खंगलेत. रडतच म्हणाले, भाकर मीच खातो. भरलेला डबा सकाळी बघून तुला काय वाटेल, म्हणून पहिल्यांदा खाल्ली, मग सवय लागली.

मला हायसं वाटलं. बोंबलांबद्दल त्यांचे आभार मानले, तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, मासं मी न्हाय ठेवत, पोरी. डबा धुऊन रिकामाच ठेवतो, त्याचीच लाज वाटते.

आई, कालपासून मला झोप नाही. आता तरी निघून ये.

हट्टात तुझ्यावरच गेलेली,
नेत्रा

पाली
१० जुलै

चि. सौ. नेत्रास,
अ. उ. आ.

भावोजींवर रागावू नकोस. एकट्या माणसाच्या पोटात चार घास गेले, बरंच झालं. पण तुझे बाबा वर्षभर उपाशीच देत राहिले, हे मनाला फार लागलं. घेणं नाही, नुसतं देणं. आता मी त्यांना सोडून कशी येऊ?

काल दोन डबे ठेवले. भावोजींना त्यांचा वेगळा दाखवून दिला. सकाळी त्यांचा डबा धुतलेला होता, रिकामा. तुझ्या बाबांच्या डब्यात बोंबील होते, आणि खाली भाकरीचा चुरा तसाच. जेवल्यावर डबा धुणं त्यांना कधी जमलंच नाही.

माया आहे तशीच असू दे.
तुझी आई