गाजरांवरची माती

रविवार, १८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बायकोचा गुडघा बरा आहे. दुकानातला फ्रीज दुरुस्त झाला, आता नुसता कण्हतो, गळत नाही. भाऊजींची कवळी नीट बसली का? त्यांना म्हणावं, महिनाभर तरी मोठ्याने हसू नका.

तुझ्या वर्गातल्या मुलांनी पाठवलेला तक्ता मिळाला. नकाशावर दोरा ताणून कुठली भाजी किती लांबून येते, वाटेत किती डिझेल जाळते, हे चौथीतल्या पोरांनी मोजावं म्हणजे कमालच आहे. माझ्या गाजरांचा दोरा सगळ्यात आखूड, करंगळीएवढा. खाली लिहिलंय, 'सगळ्यात कमी धूर, मामांचं दुकान'. मी तो तक्ता गुंडाळून बटाट्यांच्या पोत्यामागे ठेवला. बायको म्हणाली, "अहो, दारात लावा की!" मी म्हटलं, चिकटपट्टी संपलीय.

चिकटपट्टी संपलेली नाही, ताई.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधेच "जाऊ दे रे" म्हणतेस आणि मी लगेच जाऊ देतो. म्हणून लिहायला बसलो. माझी गाजरं जिथून येतात असं सगळे समजतात, ते काकूंचं शेत बघायला येत्या गुरुवारी तू मुलांना घेऊन येणार आहेस, आणि त्या शेतात गाजर नाही. तीन वर्षं झाली, एकही नाही.

माझी गाजरं कोल्ड स्टोरेजमधून येतात. गारठलेल्या ट्रकमधून दोन दिवसांचा प्रवास करून, प्लास्टिकच्या पिशव्यांत, धुतलेली, सरळ, एका मापाची. दुकान उघडण्याआधी मी पिशव्या फोडतो, रोपवाटिकेतून आणलेली माती पाण्यात कालवतो आणि गाजरांना चोळतो. अर्ध्या तासात ती आत्ताच उपटल्यासारखी दिसतात. लोक माती बघून खूश होतात आणि घरी नेऊन धुतात. आधीच एकदा धुतलेलं गाजर पुन्हा धुतात! सुरुवातीला मला याचं हसू यायचं. आपण फार हुशार, असं वाटायचं. तुझ्या मुलांनी आयांच्या मागे लागून लांबची भाजी बंद करायला लावली आणि त्या आया माझ्याकडून त्याहून लांबची घेऊन गेल्या, हे कळलं तेव्हा हसू बंद झालं. माती चोळणं मात्र चालूच राहिलं.

आधी हे दोन आठवड्यांपुरतंच होतं. काकूंची गाजरं संपली तरी गिऱ्हाइकांना बाराही महिने गाजर हवं असतं, म्हणून थोडी बाहेरून आणली. पुढे काकूंची आली तरी मी बाहेरचीच मागवत राहिलो, कारण ती पटापट खपत होती. काकूंचं म्हणजे एखादं दोन पायांचं, एखादं नाक वर केलेलं. एक दिवस त्या सकाळच्या बसने दोन पोती घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, ही वाकडी कोण घेणार?"

"चवीला काही वाकडी नाहीत रे," त्या म्हणाल्या.

बाबा गेले तेव्हा ज्या बाईने आपल्या घरी वर्षभर भाजी पोचवली, तिची दोन्ही पोती मी स्वतःच्या हातांनी परत बसमध्ये चढवली. वर, म्हातारीला मदत केली म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्यानंतर त्यांनी गाजर पेरलंच नाही. दुकानाच्या पाटीवर मात्र त्यांचा फोटो मी तसाच ठेवला.

गुरुवारसाठीसुद्धा थाप तयार होती, हेही सांगून टाकतो. काकू आजारी आहेत म्हणायचं आणि दुसऱ्याच कुणाचं तरी हिरवंगार शेत मुलांना दाखवायचं. त्या माणसाशी बोलणंही झालं होतं.

परवा काकू दुकानात आल्या. गिऱ्हाईक म्हणून. दुकानात आणखी चार माणसं होती. त्यांनी एक गाजर उचललं, अंगठ्याने माती खरवडली, बोटांत चोळून पाहिली. मी वजनकाट्याकडे बघत राहिलो. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्या म्हणाल्या, "ही कुंडीतली माती आहे, बाळा. आपली चिकट असते." गाजर होतं तिथे ठेवलं आणि गेल्या.

त्या ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्यांनी चारचौघांत मला सांभाळून घेतलं, आणि तेव्हापासून मला माझ्याच दुकानात उभं राहायची लाज वाटते.

काल त्यांच्या घरी गेलो. शेतात गुडघाभर गवत आहे. सगळं सांगितलं. मुलं येणार आहेत, तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरांनी विचारलं, आजी, गाजर का नाही, तर काय सांगू?"

मला वाटलं टोमणा मारतायत. मान वर करून पाहिलं. त्या खरंच विचारत होत्या. मला अडचण होऊ नये म्हणून मी म्हणेन ते सांगायला त्या तयार होत्या.

"मी सांगेन," एवढंच मला म्हणता आलं.

तेव्हा गुरुवारी मुलांना घेऊन ये. मी शेतात असेन. मुलं विचारतील ते विचारू देत, आणि तू मला ओळखतेस म्हणून माझ्या वतीने काही बोलू नकोस.

लाज वाटते, तरीही तुझाच,
धाकटा