नाव न सांगता दिलेला पुरावा

७ जुलै
शनिवारी कॉलेजात माझं भाषण. विषय: झीरो नॉलेज प्रूफ. अख्ख्या मोताळ्यात हे समजणारा मी एकटाच. प्राचार्य भगवंतराव लगेच हो म्हणाले.
केमिस्ट्रीच्या नाजिश मॅडमनी आज हळूच सांगितलं, पुण्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. “घरी अजून सांगतलं नाही सर. अब्बाले मीच सांगीन. कोणाजवळ बोलू नका.” योग्य माणसाला सांगितलं. प्रायव्हसी हाच माझा विषय.

१२ जुलै
भाषण उत्तम. सांगितलं, ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांची सामायिक नोंदवही. प्रत्येक नोंद प्रत्येक जण तपासतो, म्हणून काम रेंगाळतं. आणि सगळ्यांना सगळं दिसतं. उपाय: हजार नोंदींचा एक गठ्ठा आणि त्यासोबत एक छोटासा पुरावा, तोच झीरो नॉलेज प्रूफ. पुरावा पटला की गठ्ठा बरोबर. आतलं उघडायची गरजच नाही. वेगही वाढतो, गुपितही राहतं.
कोणालाच कळलं नाही. म्हणून उदाहरण दिलं: आपल्या स्टाफमध्ये एकाला पुण्यात नोकरी लागलीय. मला माहीत आहे, पण नाव सांगणार नाही.
भगवंतराव म्हणाले, “केमिस्ट्रीतलं कोणी काय हो?” मी फक्त हसलो.
केमिस्ट्रीत दोघंच. दुसरे सर मार्चमध्ये रिटायर होतात. तरी टेक्निकली मी काहीच उघड केलं नाही.

१४ जुलै
बाजारात कोणीतरी रज्जाकभाईंचं, म्हणजे मॅडमच्या अब्बांचं, अभिनंदन केलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. लेकीशी बोलत नाहीत म्हणे. लोकांना काही पोटात ठेवताच येत नाही.
उद्या मॅडमची माफी मागणार. नक्की.

१५ जुलै
कॉम्प्युटरच्या मुलांची जर्नल्स तपासायची होती. माफी उद्या.

१६ जुलै, दुपारी
एकेकाची माफी मागत बसणं म्हणजे स्लो सिस्टिम. सरळ स्टेटस ठेवलं: ‘कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व.’ एका झटक्यात सगळे कव्हर. सत्तावीस जणांचे अंगठे आले. मॅडमनी नुसतं बघितलं.


१८ जुलै, संध्याकाळी
त्यांच्या घरी गेलो. रज्जाकभाई शिलाई मशीनवर बसले होते. माफी पूर्ण पाठ केली होती. तोंडातून निघालं, “मी नाव नव्हतं सांगितलं.”
त्यांनी मशीन थांबवली. म्हणाले, “पोरगी जाऊन राह्यली याचं दुख नाही सर. तिच्या तोंडून ऐकाचं होतं. आता ते कसं ऐकू?”
मॅडमनी चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. चहात आलं होतं, वेलची होती.

२५ जुलै
सकाळी एसटी स्टँडवर गेलो. सॉरी म्हणायचंच, असं ठरवून. बॅग रज्जाकभाईंच्या हातात. बापलेक बोलत होते, हे बघून फार बरं वाटलं. त्यांच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून बंद रसवंतीमागे थांबलो.
बस गेली.

२८ जुलै
भगवंतराव म्हणाले, नवीन माणूस येईपर्यंत मॅडमचे केमिस्ट्रीचे तास तुम्हीच घ्या. नाही म्हणायला तोंड नव्हतं.
पहिल्याच तासाला मुलींनी विचारलं, मॅडम कुठं गेल्या?
म्हणालो, मला माहीत नाही.
सगळा वर्ग हसला.