काचेचं कापड आन् कावळ्याचा कौल

प्रिय आश्वे,

नातीनं आजीच्या मागं पत्र लिहायचं, तर इथं उलटंच झालं! उद्या तुझ्या धाकट्या भनीला, पल्लवीला, बघाय तासगावची माणसं येणार हायती. तुझ्या नावावर कारभार चाललाय, म्हणून तुलाच सांगते.

तुझ्या धाव्याला कावळा पिंडाला शिवंना. तुझ्या बापानं हात जोडले, "आश्वे, पल्लवीचं लगीन वरसाच्या आत करतो!" माणसं मागं सरली, कावळा आला. झालं! "पोरीचा जीव ह्यातच अडकला हुता," म्हणाले सगळे. तुझा? लग्नाचं नाव काढलं की ताटावरनं उठायचीस तू! अगं, कावळा पानातला वडा खायाला आला हुता. आन् पल्लवीचं कालेज बंद.

तुझा जीव कशात हुता ते मला इचारायचं की! सांगलीला प्रयोगशाळेत तू पवनचक्कीच्या पात्यात घालायचं काचेच्या धाग्याचं कापड मोजायचीस. मी म्हणलं, "त्याला इंजिनेर कशाला? शिंपी बास की." तवा तू त्याची पट्टी ओट्याच्या कडंवरनं हळूहळू बाहेर सारलीस.

"आजी, आमी वाकणं मोजतो. किती बाहेर गेल्यावर आपल्याच भारानं एवढं खाली येतंय, ते बघायचं. लय ताठ आसलं तर साच्याच्या वळणावर नीट बसत न्हाई, सुरकुत्या पडत्यात."

मी बोटानं जरा दाबलं, तर खेकसलीस, "हात लावू नगंस! दाबलं की माप खोटं."

आता बापावर कोण खेकसणार? "पोरगी कबूल हाय" म्हणतोय. मेलेल्या भनीची इच्छा म्हणून डोक्यावर ठेवल्यावर कोण न्हाई म्हणंल? मी बोलले तर म्हणतो, "आये, आश्वीचा आत्मा दुखावंल." जित्तेपणी तुझं एक ऐकलं न्हाई, आता आत्म्याची काळजी!

आन् तू तरी! उंब्रजजवळ हायवेवर गाडी एवढी पळवायची काय घाई हुती गं? तुझी भांडणं माझ्या गळ्यात घालून गेलीस. ह्या वयात!

उद्या पोहे मीच घेऊन जाणार बाहेर. पाव्हण्यांच्या तोंडावर सांगणार, "खावा आन् जावा. पोरगी शिकतीया." तुझा बाप, बाळू, माझ्याशी बोलायचं सोडंल. सोडू दे. सोमवारी पल्लवीला घेऊन यष्टीनं कालेजात जाते. पुढं तिला लगीनच करायचं आसलं तर करंल, पर ते तिच्या तोंडानं सांगंल. तुझं नाव पुढं करून त्या पोरीला कुणी उजवणार न्हाई, मी हाय तवर.

तुझी तोंडाळ,
आजी