कंपनी आधी कच खाते की मी

सेसनॉक, न्यू साऊथ वेल्स
जुलैमधला रविवार, जेवणानंतर

आदरणीय ग्लेनिसताई यांस,

धाकट्या बहिणीचा नवरा एरल याचा, टोपी काढून आणि उरलेले केस नीट बसवून, नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तुमचा खोकला आता कसा आहे, कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या का, आणि शेजारच्या माणसाने कुंपण तुमच्या हद्दीतून मागे घेतलं का, हे तिन्ही सविस्तर कळवावं. (कुंपणाच्या बाबतीत मी मागे पाठवलेला नकाशा त्याला दाखवा. मापं मी स्वतः काढलेली नसली तरी तुमच्या पाठवलेल्या फोटोवरून जुळवली आहेत, तेव्हा चूक असलीच तर कॅमेऱ्याची.)

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही नोएलीनला साधं विचारलंत, "येताय की नाही?" नोएलीनने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. त्यावर तुम्ही म्हणालात (हाताआडूनही ऐकू आलं), "मग काय शिलालेख पाठवणार आहे का तो?" शिलालेख नाही, ताई, पण पत्र पाठवतो आहे. हो किंवा नाही म्हणणं कोणालाही जमतं. का, ते सांगायला अभ्यास लागतो.

परिस्थिती अशी आहे. नोव्हेंबरात सिडनीहून निघणारी आणि न्यूझीलंडात थेट तुमच्या पोर्ट चामर्सच्या धक्क्याला लागणारी बोट आम्ही केव्हाच ठरवून ठेवली. अनामत भरली. नोएलीनच्या कानाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी तिला विमान बंद केलं आहे, त्यामुळे तुम्हा बहिणींची भेट व्हायची तर ती पाण्यावरूनच. मग महामारीमुळे दोन वर्षं बोटीच बंद पडल्या. आता पुन्हा सुटणार म्हणतात; पण कुठली सुटणार, कुठली वाटेतून परत फिरणार आणि तुमचं सरकार आम्हाला धक्क्यावर उतरू देणार की नाही, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि उरलेली सगळी रक्कम या महिनाअखेर भरायची आहे. अशा दिवसांत पैसे भरणं हा नुसता व्यवहार राहत नाही, ते शास्त्र होतं, आणि ते मी कोणाच्या मदतीशिवाय शिकलो. (शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली हे तुम्ही आमच्या लग्नात सगळ्या टेबलांना सांगितलंत. पण या खोऱ्यातल्या निम्म्या द्राक्षमळ्यांचे पंप आज माझ्या हिशेबाने पाणी ओढतात आणि त्यातल्या एकालाही मी कधी कॉलेजचा दाखला दाखवलेला नाही.)

तर शास्त्र असं. आपण रद्द केलं, तर अनामत बुडाली. कंपनीने रद्द केलं, तर सगळे पैसे परत, वर पुढच्या सफरीत सूट. म्हणजे रद्द व्हायचंच असेल तर ते कंपनीच्या तोंडून वदवलं पाहिजे. पण कंपनीतही कोणी दुधखुळं बसलेलं नाही. ती वाट बघते की लोक कंटाळून आपणहून माघार घेतील. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो. आधी जो कच खाईल तो मेला. करारातलं कलम चौदा, पोटकलम 'क' मी पाठ केलं आहे. ते मी कंपनीच्या मुलीला फोनवर म्हणून दाखवलं तर ती म्हणाली, "काका, हे आमच्या करारात आहे?" (फोन उचलण्यापूर्वी त्यांनी जे पियानोचं ऐकवलं त्यात डाव्या हाताची एक पट्टी सुरात नाही. तेही मी तिला सांगितलं.)

कंपनीच्या पोटात काय आहे हे जाणून घ्यायला मी दुसऱ्या वाटाही धरल्या. बोटीसाठी केक बनवणारे आचारी हवेत अशी त्यांची जाहिरात सापडली, तेव्हा मी नोएलीनला म्हणालो, बोट सुटते. चार दिवसांनी तीच कंपनी डेकवरच्या आरामखुर्च्या विकते आहे असं दिसलं, तेव्हा म्हणालो, सुटत नाही. त्यावर नोएलीन म्हणाली की लोक केक उभ्याने खातील. बायकांना पुराव्याची किंमत नसते. आमच्या मुख्य रस्त्यावर वेस्नाचं तिकिटांचं दुकान आहे, तिथेही मी नियमाने जातो. वेस्ना चांगली बाई आहे, पण तिचा धीर सुटत चालला आहे. परवा मला दारात बघूनच म्हणाली, "एरल, माझ्या नवऱ्याचं तोंडसुद्धा मला इतक्यांदा बघावं लागत नाही. भर नाहीतर सोड, पण दार लाव, थंडी आत येतेय."

इथवर सगळं माझ्या हातात होतं. चूक झाली ती क्लबात. हिरवळीवर गोळे घरंगळवायचा आमचा बोल्सचा क्लब तुम्हाला माहीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी सोडतीत मटणाचा ट्रे लागतो तो. तिथे मी बिअरच्या टेबलावर अर्धा तास हे शास्त्र समजावून सांगितलं. समजलं सगळ्यांना. इतकं समजलं की ज्यांनी बोटी ठरवल्या होत्या अशा कितीतरी जोडप्यांनी माझ्या शब्दावर तिथल्या तिथे पैसे भरणं थांबवलं. मला भरून आलं. तेवढ्यात डगी खाटीक उठला आणि म्हणाला, "मंडळी, हा कप्तान शेवटी काय करणार, यावर टोपीत चिठ्ठ्या घालायच्या का?" आता तुम्ही न्यूझीलंडची माणसं शहाणी आहात, पण आमच्या या देशात भिंतीवरून दोन गोगलगाई निघाल्या तरी आधी चिठ्ठ्या पडतात, मग गोगलगाई. टोपीही माझीच घेतली. कोणाला 'एरल भरेल' आली, कोणाला 'एरल रद्द करेल', कोणाला 'कंपनी रद्द करेल'. बक्षीस म्हणून डगीने एक अख्खं कोकरू लावलं, तुकडे करून, फ्रीझरच्या पिशव्यांत भरून.

तेव्हापासून, ताई, या गावात मला खरं बोलणारा माणूस उरलेला नाही. डगीच्या वाट्याला 'रद्द करेल' आली. मी सॉसेज आणायला गेलो की तो सुरा परजत बोटीवरच्या जुलाबाच्या साथीबद्दल सांगतो. "सगळा मजला एका रांगेत उभा, कप्तान, आणि दार एक!" हार्डवेअरच्या दुकानातल्या माणसाला 'कंपनी रद्द करेल' आहे, तो म्हणतो थांब, अजून थांब, पुरुष असशील तर थांब. शेवटी मी डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, हा सुशिक्षित माणूस, याला तरी विचारावं की माझ्या रक्तदाबाला समुद्र मानवेल का. त्याने पट्टा नीट बांधलासुद्धा नाही. म्हणाला, "समुद्राची हवा? तुला तीच हवी! आजच भरून टाक." मी कृतज्ञतेने बाहेर आलो, तर बाहेरची बाई म्हणते, "डॉक्टरांना 'भरेल' आली आहे, सांगितलं नाही त्यांनी?" (मी परत आत जाऊन तपासणीची फी कमी करायला लावली. तत्त्वाचा प्रश्न होता.)

राहिली नोएलीन. ती वाद घालत नाही, आणि तेच अवघड आहे. मे महिन्यात तिने मोठी बॅग माळ्यावरून काढून बोळात ठेवली आणि ती तिथेच आहे. मी रोज तिला अडखळतो. तुमच्यासाठी विणलेला निळा स्वेटर त्यात सगळ्यात वर आहे, बाह्या घडी घालून. परवा मी बॅग बाजूला सरकवली तर ती भांडी पुसतापुसता इतकंच म्हणाली, "एरल, कंपनी थांबेल, तूही थांबशील. ग्लेनिस अडुसष्टची आहे. तिने किती थांबायचं, हे तुझ्या कुठल्या कलमात लिहिलंय?" मी कलमं पुन्हा चाळली. नाही लिहिलेलं. करार अर्धवट आहे, हे मी कंपनीला कळवणार आहे.

असो. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की माझा निर्णय पक्का आहे. मी महिनाअखेरच्या शेवटच्या घटकेपर्यंत एक पैसाही सोडणार नाही. या गावाची नजर माझ्यावर आहे. माझ्या शब्दावर लोकांनी आपापल्या बोटी टांगून ठेवल्या आहेत. भावनेच्या भरात पैसे भरणाऱ्यांपैकी मी नाही. तुम्ही मोठ्या आहात, समजून घ्याल. कोंबड्यांना थंडीत कोमट पाणी देत जा.

तुमचा आज्ञाधारक (पण या बाबतीत नव्हे) मेहुणा,
एरल गॅड

ता. क. पैसे मी शुक्रवारी भरले. सगळे. वेस्नाकडे पोटकलम 'क' समजावायला गेलो होतो, तिने मान वर न करता विचारलं, "तुझ्या मेहुणीच्या घरातून धक्का दिसतो ना रे?" मी हो म्हटलं, आणि पुढचं मला नीट आठवत नाही; पावती मात्र खिशात आहे. हे क्लबात कळलं तर मला दुसऱ्या गावात पंप दुरुस्त करावे लागतील. म्हणून एक विनंती, आणि खरं तर पत्र त्यासाठीच. येत्या रविवारी दुपारी डगी आमच्या अंगणात सॉसेज भाजायला येणार आहे. त्या वेळी फोन करा. फोन मी मोठ्या आवाजावर ठेवीन. मला झाडा. "आला नाहीस तर जन्मात तोंड दाखवू नकोस" असं काहीतरी. लग्नात केक कापताना बोललात तो सूर चालेल. मग मी सगळ्यांदेखत मान खाली घालून, नाइलाजाने, भरायला कबूल होईन. मेहुणीपुढे कोणाचं चालतं?

ता. क. दुसरं. नोएलीनला यातलं काहीही माहीत नाही. पाकीट तिच्याकडे टपालात टाकायला देतो आहे, पण ती माझी पत्रं उघडत नाही.

ता. क. तिसरं. (अक्षर माझं. नोएलीन.) ताई, उघडलं. वेस्नाने शुक्रवारीच मला फोन केला, हा दुकानातून घरी पोचायच्या आत. आल्यावर चेहरा असा करून बसला होता की मी स्वयंपाकघरात जाऊन टॉवेल तोंडात कोंबला. रविवारी फोन नक्की कर. पण झाडू नकोस. गोड आवाजात सांग, "नोव्हेंबरात मी घरी नाही रे, एरल, तुम्ही नाही आलात तरी चालेल." डगीसमोर त्याला गयावया करू दे. फार नको, सॉसेज करपायच्या आत सोड त्याला. आणि बोट लागेल तेव्हा खिडकीत उभी राहून हात हलवू नकोस, खाली ये. सगळ्यात आधी मी उतरणार आहे. एरल मागे राहील. कुठल्या कलमाखाली आधी उतरता येतं, ते वाचत बसलेला असेल.