दहाव्या प्रकरणापासून पुढे

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

अण्णांचा कॉम्प्युटर बसला. म्हणजे बाहेरचा चालू आहे, आतला उठत नाही. काल अपडेट मी घेतलं. मीच! चहा पिता पिता बटण दाबलं आणि मोकळी झाले.

अण्णांचं मराठी टायपिंगचं पॅकेज जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी नव्या कॉम्प्युटरच्या आत मी त्यांना एक खोटा, जुना कॉम्प्युटर बसवून दिला – व्हर्च्युअल मशीन. अण्णा त्याला ‘पोटातला’ म्हणतात. रोज दुपारी पोटातला उघडायचा आणि आजीवरचं पुस्तक टाइप करायचं. अण्णांची आई, माझी आजी कमलाबाई, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात एकोणतीस वर्षं. चौदा डिसेंबरला तिची जन्मशताब्दी. परळच्या विहारात प्रकाशन ठरलंय, पत्रिका वाटून झाल्यात. आणि अख्खं पुस्तक त्या पोटात. ‘पुरं झाल्याशिवाय कुणी वाचायचं नाही’ ही अण्णांची अट, त्यामुळे छापलेलं एक पानही घरात नाही.

अण्णांना सांगितलं, अपडेट चालू आहे. खोटं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ऑफिसला कळवलं, बरं नाही. नव्हतंच बरं.

अपडेटनं सुरक्षेची कसलीशी सेटिंग आपणहून चालू केली होती, ती व्हर्च्युअल मशीनला चालू द्यायची नाही. ती बंद केली. दोनदा निळा पडदा आला. तिसऱ्यांदा पोटातला उठला – जुन्या विंडोजचं ते हिरवं माळरान पडद्यावर दिसलं आणि मला रडूच आलं.

लवकर रडले. पॅकेज म्हणतं, डोंगल सापडत नाही. पेनड्राइव्हएवढं कुलूप ते, त्याच्याशिवाय एक फाइल उघडायची नाही. बाहेरच्याला डोंगल दिसतो, आतल्याला दिसत नाही!

अण्णा मागे येऊन उभे. ‘काय गं पोरी, झालं काय?’

‘होतंय.’

‘घाबरतेस कशाला? मशीन हाय ते. गिरगावात प्रेसला होतो तेव्हा टायपाच्या खिळ्यांची अख्खी केस सांडली माझ्या हातनं. तरी मालकानं ठेवला मला.’

त्यांना काय माहीत. खिळे निदान जमिनीवर तरी दिसत होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काही नाही. जेवण गेलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सापडलं. अपडेटच्या भानगडीत व्हर्च्युअल मशीनचा प्रोग्राम मी नवा टाकला होता, त्याचा यूएसबीवाला जोडभाग जुनाच राहिला होता. दोघांचं जुळत नव्हतं. जुळवलं. डोंगल दिसला, पॅकेज उघडलं. चौदाच्या चौदा प्रकरणं जागेवर! आधी सगळी कॉपी करून घेतली, मग जेवले.

रविवार, ९ नोव्हेंबर

अट मोडली. नुसती खात्री करावी म्हणून फाइली उघडल्या. पहिली नऊ प्रकरणं नीट. दहावं उघडलं.

‘म्लका ईबाब तेह रणगिच सका नमे.’ पानंच्या पानं असं. अकरावं तसंच. चौदापर्यंत तसंच.

फाँट बिघडवला मी. पाच प्रकरणांची माती केली! अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. पुन्हा टाइप करा, कुठल्या तोंडानं सांगू?

बुधवार, १२ नोव्हेंबर

अजितकडे गेले, खोताच्या वाडीजवळच्या त्याच्या डीटीपीच्या दुकानात. तो अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. अण्णांच्या पेनड्राइव्हवर फाइली घालून नेल्या होत्या, तो दिला. त्यानं एकेक फाइल उघडून पाहिली.

‘फाँटचा लोचा नाय हा,’ म्हणाला. ‘फाँट उडाला ना, तर इंग्लिश अक्षरं दिसतात, कायपण चिन्हं येतात. हितं मराठी अक्षरं हायत, काना-मात्रा हायत. फाँट एकदम बरोबर लागलाय.’

‘मग व्हर्च्युअल मशीन? अपडेट?’

‘अपडेट कधी घेतलंस तू?’

‘तीन तारखेला.’

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. दहाव्या प्रकरणाची ही दुसरी कॉपी, अण्णांनीच मार्चमध्ये याच पेनड्राइव्हवर ठेवलेली. तीसुद्धा तशीच.

‘अण्णा बरे हायत ना गं?’ त्यानं विचारलं. मला राग आला. उठून निघालेच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अण्णा आज ऐकेनात. स्वतःच बसले, दहावं प्रकरण उघडलं. आता ओरडतील, आता विचारतील.

ते वाचायला लागले. मोठ्यानं, न अडखळता. संपात आजी दारोदार मूठभर तांदूळ गोळा करायची ते, आणि सुपरवायझरला तिनं दिलेलं उत्तर. एका जागी स्वतःच हसले. बोट ओळीवरून फिरत होतं. त्या ओळीत यातलं काहीच नव्हतं.

‘बघ, नीट हाय की सगळं. उगाच घोर लावून घेतलास.’

मला भीती वाटते. ते माझी समजूत घालत होते, असंच असू दे. पण या वर्षात बँकेचे, दवाखान्याचे सगळे फॉर्म माझ्याकडून भरून घेतले त्यांनी. ‘चष्मा सापडत नाय, तूच भर.’ चष्मा डोळ्यांवरच असायचा. मी हसायचे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज कॉम्प्युटर लावलाच नाही. अण्णांना कोरा कागद आणि पेन दिलं. म्हटलं, मुखपृष्ठासाठी आजीचं पूर्ण नाव तुमच्या हातानं लिहून द्या.

मन लावून लिहिलं त्यांनी. अक्षर सुरेख, शिरोरेघ सरळ. पण ‘म्लका ईबाब...’ नाव कुणाचंच नाही.

‘बरोबर हाय ना?’ म्हणाले.

मी हो म्हटलं.